दोन कारखान्यांची गाडी

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला झिंडेलफिंगेन हे गाव आहे. तिथे मर्सिडीजचा भलाथोरला कारखाना. श्टुटगार्टच्याच उत्तरेकडच्या अंगाला झूफनहाउझेन, तिथे पोर्शे. १९९० ते १९९५ या काळात या दोन ठिकाणांमध्ये एकाच गाडीच्या खेपा चालत. झिंडेलफिंगेनमधून पत्र्याचे भाग निघत आणि झूफनहाउझेनला जोडले जाऊन त्यांचा सांगाडा तयार होई. सांगाडा रंगासाठी परत झिंडेलफिंगेनला. रंग झाला की पुन्हा झूफनहाउझेनला, इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायला. पुरी झालेली गाडी शेवटच्या तपासणीसाठी आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्यासाठी पुन्हा झिंडेलफिंगेनला. एका गाडीला अठरा दिवस लागत. या गाडीचं नाव मर्सिडीज-बेंझ ५०० ई.

एवढा खटाटोप करण्यामागे साधं कारण होतं. नव्या गाडीचे मडगार्ड मूळ गाडीपेक्षा इतके फुगले होते की ती झिंडेलफिंगेनच्या नेहमीच्या उत्पादन-साखळीत मावत नव्हती. पोर्शेच्या गाड्यांचा खप त्या वर्षांत घसरलेला होता, कारखान्यात जागाही होती आणि कसलेले हातही. ज्या इमारतीत पोर्शेने आपली ९५९ ही असामान्य गाडी बांधली होती, तिथेच ५०० ई आकाराला येऊ लागली.

मूळ गाडी म्हणजे मर्सिडीजची १२४ मालिका. १९८४च्या अखेरीस ती आली, तेव्हा कंपनीच्या डिझाइन विभागाची धुरा ब्रूनो साको यांच्याकडे होती. जर्मनीत टॅक्सीवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी ही गाडी वापरली. सगळे प्रकार धरून पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. पण वेगाच्या बाबतीत मर्सिडीज मागे पडत होती. म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने १९८८ साली दुसऱ्या पिढीची एम५ आणली. सहा सिलिंडर, ३१५ अश्वशक्ती, हाताने टाकायचे गिअर. या आकाराच्या सेडानमध्ये मर्सिडीजकडे तिच्या तोडीचं काही नव्हतं. मग ५०० एसएल या दोन दारांच्या उघड्या गाडीचं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन १२४ मध्ये बसवायचं ठरलं आणि ते कसं बसवायचं हे काम १९८८ मध्ये पोर्शेच्या अभियंत्यांकडे सोपवण्यात आलं.

इंजिन आलं तसं त्याच्यामागून बाकीचंही यावं लागलं. ब्रेक ५०० एसएलचे. बॅटरीला पुढे जागा उरली नाही, ती मागच्या डिकीत गेली. मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारा डिफरन्शिअल मोठा लागला, म्हणून मागच्या बाकावरची मधली जागा गेली आणि ही गाडी फक्त चौघांची झाली. रुंदी ५६ मिलिमीटरने वाढली, उंची थोडी उतरली. हे सगळं करूनही रस्त्यावरच्या माणसाला ती १२४ च दिसते. बॉनेटवर हवेचा झरोका नाही, डिकीवर पंख नाही. चाकांभोवतीचा फुगवटा आणि पुढच्या बंपरमधले दिवे ओळखायला डोळा तयार असावा लागतो.

मला या गाडीचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते याच गोष्टीचं. १९९० च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, आणि जर्मनीत तिची किंमत १,३४,००० मार्कांच्या वर होती. एवढे पैसे मोजणाऱ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवण्यासारखं फारसं काही मिळत नव्हतं. पैसा सगळा पत्र्याखाली होता.

इंजिन ४९७३ घनसेंटीमीटरचं, ३२ व्हॉल्व्हचं. ताकद ३२६ अश्वशक्ती. पुढे धुराच्या नियमांमुळे ती ३२० झाली. पण हे आकडे गाडीचा स्वभाव सांगत नाहीत. तो सांगतो तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर: मिनिटाला ३९०० फेऱ्यांवर ४८० न्यूटन-मीटर. एम५ चालवताना इंजिन वरच्या फेऱ्यांपर्यंत चढवावं लागतं, तेव्हा ती मन मोकळं करते. ५०० ई ला चढवावं लागत नाही. चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एरवी दुसऱ्या गिअरमध्येच सुरुवात करतो. पाय पूर्ण दाबला तरच पहिला पडतो. शून्यापासून शंभरचा वेग साधारण सहा सेकंदांत. कमाल वेग कारखान्यानेच २५० वर रोखलेला. ताशी १६० वर असताना समोरचा ट्रक बाजूला झाला आणि पाय टेकवला, की कसलाही धक्का न बसता गाडी पुढे निघते. आतमध्ये गोंगाट नाही. हा वेग निवांत आहे, आणि पन्नाशीच्या माणसाला दिवसभर चालवायला असाच वेग हवा.

१९९५ पर्यंत अशा १०,४७९ गाड्या तयार झाल्या. १९९३ मध्ये चेहरामोहरा थोडा बदलला आणि कंपनीच्या नव्या पद्धतीप्रमाणे नाव ई ५०० झालं.

आता ती ठेवण्याविषयी. जसा पैसा पत्र्याखाली घातलेला होता, तसा देखभालीचा खर्चही पत्र्याखालीच होतो. रंगावर पॉलिश मारून, चाकं चकचकीत करून जी गाडी विक्रीला उभी असते तिच्याकडे बघून काहीच कळत नाही. बॉनेट उघडा आणि पहिल्यांदा वायरिंग बघा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनाच्या वायरिंगवर एक नव्या प्रकारचं आवरण वापरलं गेलं. पर्यावरणाला जपणारं, जमिनीत विघटन होऊ शकेल असं. हेतू चांगला होता. पण ते आवरण इंजिनाच्या उष्णतेत, गाडी चालू असतानाच विघटित होऊ लागलं. साधारण १९९२ ते १९९५ च्या गाड्यांना हा रोग आहे. व्ही-८ इंजिन त्या जागेत इतकं घट्ट बसलेलं आहे की आतली गरमी बाहेर पडायला वाव कमी. मग आवरण कडक होतं, वायर थोडी वाकवली तरी भाजलेल्या पापडासारखं तुटून पडतं, आणि आतली तांब्याची तार उघडी होते. दोन उघड्या तारा एकमेकींना लागल्या की गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, कधी एकाएकी ताकद सोडतं. अॅक्सिलरेटरचं काम बघणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागातही तीच वायर आहे. शॉर्ट झालं तर इंजिनाचा कंट्रोल युनिट जातो आणि तो वायरिंगपेक्षा कितीतरी महाग. वायरमन तारांवर टेप गुंडाळून देतो, गाडी चालू होते, मालक खूश होतो. सहा महिन्यांनी टेपच्या पुढचा तुकडा सुटतो. यावर एकच उपाय आहे: पूर्ण हार्नेस, म्हणजे इंजिनाच्या वायरिंगचा सगळा जुडगा, नवा टाकणे. नव्या हार्नेसवर बनवल्याची तारीख असलेली पट्टी असते. १९९६ नंतरची तारीख दिसली तर हे काम कोणीतरी करून ठेवलेलं आहे.

दुसरी जागा आहे टायमिंग चेन. ही चेन दुहेरी आणि दणकट आहे, ती सहसा दगा देत नाही. तिला सरळ रेषेत ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे गाइड, प्लास्टिकच्या आहेत. तेलात आणि उष्णतेत वर्षानुवर्षं राहून त्या ठिसूळ होतात. एखादा तुकडा मोडून चेनखाली आला तर चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. वरचं झाकण काढून गाइड पाहणं हे अर्ध्या दिवसाचं काम. पट्ट्यांचा रंग गडद तपकिरी झाला असेल, तर कसलाही आवाज येत नसला तरी त्या बदलाव्यात.

झाकण उघडलंच आहे तर कॅमशाफ्टवर तेल सोडणाऱ्या नळ्यांची टोकंही बघून घ्यावीत. तीही प्लास्टिकची. ती तुटली की तेल दुसरीकडेच गळतं आणि कॅम कोरडा पडतो. थंड इंजिनातून टकटक ऐकू येते, ती बऱ्याचदा इथूनच. भाग स्वस्त आहेत. दुर्लक्ष केलं तर झिजलेला कॅमशाफ्ट स्वस्त पडत नाही. इंजिनात तेल सुमारे आठ लिटर लागतं आणि ते वेळेवर बदलावं, गाडी किती किलोमीटर चालली याची वाट न बघता. कमी चालणाऱ्या गाडीतलं तेलही जुनं होतं.

पावसाळी हवेत इंजिन अडखळत असेल तर डिस्ट्रिब्यूटर. या इंजिनाला दोन आहेत, प्रत्येक बाजूला एक. त्यांच्या आत ओल धरते आणि ठिणगी भलतीकडे जाते. कॅप आणि रोटर बदलताना मूळ बनावटीचेच घ्यावेत. नकली कॅप वर्षभरात पुन्हा तोच त्रास देते, शिवाय खोलाखोलीची मजुरी दुसऱ्यांदा पडते ती वेगळीच.

मागच्या सस्पेन्शनवर जरा जास्त लिहायला हवं, कारण इथे लोक सर्वांत जास्त फसतात. माणसं आणि सामान कितीही असो, गाडीची मागची बाजू एकाच उंचीवर राहावी म्हणून हायड्रॉलिक तेल दाबाने मागे पाठवलं जातं. तिथे दोन धातूचे गोळे आहेत. आत रबरी पडदा, त्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूला तेल. धक्का सोसण्याचं काम खरं तर तो वायू करतो. पडदा फाटला की तेल कुठे दबणार? मग खड्ड्यात मागचं चाक दगडावर आपटल्यासारखं वाजतं. मेकॅनिक शॉकअॅब्सॉर्बर बदलतो, फरक पडत नाही. दुसरा येतो, ही सगळी यंत्रणा उपसून साध्या स्प्रिंग टाकतो. मला हे पाहून वाईट वाटतं. गोळे बदलायला लागतो तो वेळ थोडा आणि त्यानंतर ही गाडी जशी रस्त्यावर बसते तशी साध्या स्प्रिंगवर कधीच बसणार नाही.

बाकीच्या गोष्टी सगळ्याच १२४ ला लागू आहेत. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या तोंडाला तडा जातो, तो जाण्याआधीच रेडिएटर बदलावा. काच पुसणारा एकच वायपर फिरता फिरता पुढे-मागे सरकतो आणि काचेचे कोपरेही पुसतो. त्याच्या यंत्रणेतलं ग्रीस घट्ट झालं की मोटर जळते. एसीचा इव्हॅपोरेटर गळू लागला तर डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागतो आणि पुन्हा बसवल्यावर काही वाजलं नाही, तर तो मेकॅनिक धरून ठेवावा. गिअरबॉक्सचं तेल बदलताना टॉर्क कन्व्हर्टरच्या तळाचा बोल्टही काढावा, नाहीतर निम्मं जुनं तेल आतच राहतं.

गंज हा वेगळा शत्रू. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते जॅक लावायच्या जागा, मागच्या काचेची खालची कड आणि मडगार्डच्या आतली बाजू खातं. नेहमीच्या १२४ चं मडगार्ड भंगारातूनही मिळतं. ५०० ई चं मडगार्ड याच एका गाडीचं आहे, म्हणून त्यावरचा गंज खिशाला फार लागतो. श्टुटगार्टजवळच्या फेलबाखमध्ये मर्सिडीजचं क्लासिक सेंटर १९९३ पासून जुन्या गाड्यांची दुरुस्ती करतं आणि सुटे भागही पुरवतं. पण तिथे भाग मिळतो म्हणजे तो परवडतोच असं नाही.

महाराष्ट्रात ही गाडी मिळणार नाही. डाव्या हाताचं स्टिअरिंग असलेलीच ती बनली, आणि आपल्याकडे जुनी गाडी आयात करायची तर ती सहसा उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली लागते. तिची साधी बहीण मात्र आपल्या ओळखीची आहे. १९९४ मध्ये मर्सिडीजने टेल्कोबरोबर भागीदारी केली, आणि १९९५ मध्ये पिंपरीतल्या टेल्कोच्या आवारातून भारतात जुळवलेली पहिली मर्सिडीज बाहेर पडली. ती १२४ च होती. पुढे २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. पिंपरीच्या त्या गाड्यांवर ज्यांनी हात बसवला, त्या पुण्या-मुंबईच्या जुन्या मेस्त्रींना हा वायपर, हा इव्हॅपोरेटर, हा रेडिएटर सगळं पाठ आहे. कोकण किनाऱ्यावरची खारी हवा पत्र्याला काय करते हेही त्यांनी पाहिलेलं आहे. त्या काळातल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांनाही तोच वायरिंगचा रोग आहे. म्हणून आजही कोणी ई २२० घ्यायला निघाला असेल, तर लाकडी पट्ट्या आणि आसनांची शिवण नंतर बघावी. आधी बॉनेट उघडून हार्नेसवरची तारीख वाचावी आणि मग इंजिन थंड असतानाच, मालकाला चालू करायला सांगून, बाजूला उभं राहून ऐकावं.