न केलेला जीर्णोद्धार

अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं डॉ. फ्रेडरिक सिमिओन यांनीं स्थापिलेलें मोटारींचें संग्रहालय आहे. तेथें शर्यतीची एक निळी मोटार उभी आहे. तिचा रंग जुनाच असून अंगावरचे ओरखडे तसेच राहूं दिले आहेत. जुन्या मोटारी आरशासारख्या लखलखीत करून मांडण्याचा हल्लीं प्रघात असतां हिचीच उपेक्षा कां, असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटेल. परंतु २०१४ सालीं त्या देशांत राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांची नोंद सुरू झाली, तेव्हां पहिला मान हिलाच मिळाला. हिचीं मोजमापें, नकाशे व छायाचित्रें लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें कायमचीं ठेविलीं आहेत.

हिची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. टेक्सासचा कॅरोल शेल्बी हा गृहस्थ एके काळीं कोंबड्या पाळीत असे. पुढें तो मोटारींच्या शर्यतींत उतरला व १९५९ सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत त्यानें जोडीदारासह जिंकली. पण लवकरच हृदयविकारामुळें त्यास हा नाद सोडावा लागला. स्वस्थ बसणें कांहीं त्याच्या स्वभावांत नव्हतें. १९६२ सालीं त्यानें एसी या इंग्रज कारखान्याच्या हलक्या सांगाड्यांत फोर्डचें आठ सिलिंडरांचें दांडगें इंजिन बसविलें आणि 'कोब्रा' जन्मास आली. वळणावळणाच्या रस्त्यावर ती कोणास हार जात नसे. परंतु ल माँच्या लांबलचक सरळ रस्त्यावर ही उघडी मोटार वाऱ्याशीं झगडूनच दमे, आणि इटलीच्या फेरारी पुढें निघून जात.

यावर तोड काढली शेल्बीच्या पदरच्या, तिशीही न गांठलेल्या पीटर ब्रॉकनें. त्यानें कोब्रावर छप्पर चढविलें, नाक खालीं उतरतें केलें आणि शेपूट एकदम तोडून टाकलें. असें तोडलेलें शेपूट वाऱ्यास कमी अडवितें, हें वूनिबाल्ड काम या जर्मन पंडितानें पूर्वींच सांगितलें होतें; तरी कारखान्यांतल्याच मंडळींनीं ब्रॉकची थट्टा केली. विमानविद्येच्या एका जाणकारानें तर शेपूट तीन फूट वाढवा म्हणून बजावलें! ब्रॉक ढळला नाहीं. केन माइल्स हा मुरलेला चालक मात्र त्याच्या पाठीशीं उभा राहिला, आणि रिव्हरसाइड येथील चांचणींत त्यानें ही मोटार अशी पिटाळली कीं थट्टा करणारे निमूट झाले.

अशा सहा मोटारी झाल्या. त्यांतली पहिली, सीएसएक्स २२८७ या क्रमांकाची, तीच ही. १९६४ च्या फेब्रुवारींत डेटोना येथें आघाडीवर असतां पेट्रोल भरतेवेळीं हिनें पेट घेतला. पुढच्याच महिन्यांत सेब्रिंग येथें हिनें आपल्या वर्गांत पहिला क्रमांक मिळविला. जूनमध्यें ल माँ येथें बाहेरच्या बॅटरीनें इंजिन चालू केल्याबद्दल हिला बाद केलें, आणि त्या वर्गाचें यश हिच्या धाकट्या बहिणीच्या पदरीं पडलें. अखेर ४ जुलै १९६५ रोजीं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनींच, फ्रान्समधील रीम्स येथें या मोटारींनीं त्या वर्गाचें जागतिक अजिंक्यपद पटकाविलें. त्याच नोव्हेंबरांत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर २२८७ नें वेगाचे कित्येक विक्रम केले. आणि मग ती विकली गेली. शर्यतीच्या मोटारीस हंगाम सरल्यावर कोण विचारतो?

पुढें ती संगीत-निर्माता फिल स्पेक्टर याजकडे व त्याजकडून त्याच्या अंगरक्षकाकडे गेली. अंगरक्षकाच्या मुलीनें ती जवळजवळ तीस वर्षें कुलुपांत ठेविली. गिऱ्हाइकें खेटे घालीत; बाईनें कोणास दाद दिली नाहीं. २००० सालीं बाई वारली आणि मालकीचें प्रकरण कोर्टांत गेलें. (वाटणीचे खटले आमच्या वाचकांस नवे नाहींत.) शेवटीं मोटार डॉ. सिमिओन यांच्या संग्रहीं आली.

खरा प्रश्न येथें उद्भवला. जीर्णोद्धार म्हणजे जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडणें, पोंचे ठोकून काढणें, झिजलेले भाग बदलणें व वर नवा रंग चढविणें. डॉ. सिमिओन मेंदूचे शस्त्रवैद्य होते. २०२२ सालीं ते वारले. यंत्र चालतें ठेवावें, पण ज्या अंगावर इतिहास उमटला आहे त्यास कारण नसतां हात लावूं नये, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्याविषयीं त्यांनीं ग्रंथही प्रसिद्ध केला.

आम्हांस हें पटतें. आजोबांच्या हातची पोथी घ्या. तिच्या कडेस हळदीचा डाग असतो, समासांत त्यांची टीप असते. तीच पोथी सुबक अक्षरांत उतरवून घेतली तर वाचावयास बरी. पण मूळ पोथी रद्दींत कोणी घालील काय? अर्थात् अपघातांत मोडलेल्या वा गंजून गेलेल्या मोटारीस जीर्णोद्धारावांचून गति नाहीं, हेंही खरें. २२८७ च्या बहिणींपैकीं कित्येकींना तसें नवें रूप मिळालें आहे, आणि त्यांच्या मालकांस आम्ही दोष देत नाहीं. हिचें दैव एवढेंच कीं एका हट्टी बाईनें हिला अंधारांत ठेविलें, आणि बाहेर आल्यावर ही एका वैद्याच्या हातीं पडली.

या संग्रहालयामागें मोकळें पटांगण आहे. ठराविक दिवशीं तेथें जुन्या मोटारी बाहेर काढून लोकांदेखत चालवितात.