वाहणारे डोंगर, फुटणारे डोंगर

पृथ्वीच्या कवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण पसरलेले आहे आणि ते जवळजवळ सगळे घन आहे. शाळेच्या चित्रात दिसतो तसा वितळलेल्या खडकाचा समुद्र तिथे नाही. प्रावरण भयंकर तापलेले असते, पण वरच्या खडकांचा दाब त्याला वितळू देत नाही. शिलारस तयार होतो तो फार थोड्या ठिकाणी आणि ठरावीक कारणांनीच.

पहिले कारण म्हणजे दाब उतरणे. अटलांटिकच्या तळाशी दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, तेव्हा खालचे तप्त प्रावरण वर चढते आणि दाब कमी झाल्यामुळे त्याचा काही अंश वितळतो. आइसलँड याच रेषेवर उभे आहे. भूपट्टांच्या कडांपासून दूर असलेल्या हवाई बेटांखालीही असेच घडते. तिथे खोलातून तप्त खडकाचा स्तंभ वर येत राहतो. दुसरे कारण पाणी. समुद्रतळाचा भिजलेला भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली घुसला, की सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर त्याच्या खनिजांतले पाणी सुटते आणि वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू खाली आणते. जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि अँडीज पर्वतातले ज्वालामुखी या पाण्यातून जन्मले. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमानच्या समुद्रातले बॅरन बेट, त्यांचाच भाऊबंद. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला.

शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर चढतो आणि कवचात काही किलोमीटर खोलीवर साठतो. त्याचा पुढचा स्वभाव दोन गोष्टी ठरवतात: त्यात सिलिका किती आणि विरघळलेला वायू किती. बेसाल्टमध्ये सिलिका सुमारे ५० टक्के असते, अँडेसाइटमध्ये ६० च्या आसपास, तर रायोलाइटमध्ये ७० च्या वर. सिलिका वाढली की रस चिकट होतो. तापमान उतरले की आणखी चिकट. बाहेर येणारा बेसाल्ट ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापलेला असतो, रायोलाइट त्याहून कित्येकशे अंशांनी थंड. वायूंमध्ये मुख्य पाण्याची वाफ, मग कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू. रस वर येताना दाब घटतो आणि वायूचे बुडबुडे धरू लागतात. गुळाचा पातळ पाक उकळताना बुडबुडे सहज फुटून जातात. चिक्कीचा पक्का पाक मात्र फुगतो आणि चटका देणारे शिंतोडे उडवतो. बेसाल्ट आणि रायोलाइट यांच्यातला फरक तोच. वायूला सुटायला वाट मिळाली तर ज्वालामुखी वाहतो, न मिळाली तर फुटतो.

डोंगराचा आकारही याच हिशेबाने घडतो. हवाईतील मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, पण पातळ लाव्हा दूरवर पसरत गेल्याने त्याचा उतार पालथ्या ढालीसारखा मंद. फुजी, मायोन, व्हेसूव्हियस हे मिश्र शंकू: लाव्हा आणि राख यांचे थर एकाआड एक साचून ते उभे राहिले. राखेचे शंकू लहान आणि अल्पायुषी असतात. मेक्सिकोतील पारिकुतिन २० फेब्रुवारी १९४३ रोजी मक्याच्या शेतात उगवला, ४०० मीटरहून उंच झाला आणि १९५२ मध्ये कायमचा थांबला. शिलारसाचा साठा अफाट असेल तर उद्रेकानंतर त्याचे छतच खाली कोसळते आणि प्रचंड कुंड उरते. सुमात्रातले टोबा सरोवर अशाच, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातून झाले. टोबाची म्हणून ओळखली जाणारी राख पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथेही सापडते. ती नेमक्या कोणत्या उद्रेकातली, यावर मात्र संशोधकांचे एकमत नाही.

चिकट रसाचा उद्रेक किती गुंतागुंतीचा असतो, हे अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्सने दाखवले. १९८० च्या वसंतात आत शिरलेल्या रसामुळे त्याची उत्तरेकडची बाजू रोज मीटर-दोन मीटर फुगत होती. १८ मे रोजी भूकंपाच्या धक्क्याने ती बाजू ढासळली. रसावरचा भार क्षणात उतरला आणि स्फोट वर न होता आडवा झाला. ५७ माणसे मेली आणि डोंगराची उंची सुमारे ४०० मीटरने घटली.

अशा उद्रेकात जीव घेणारी गोष्ट सहसा लाव्हा नसते. तप्त वायू आणि राखेचा लोंढा उतारावरून वाऱ्याच्या वेगाने धावतो. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरचे सेंट पिएर शहर अशा लोंढ्याने मिनिटांत संपवले. कोलंबियात १९८५ मध्ये नेवादो देल रुइसच्या छोट्याशा उद्रेकाने शिखरावरचे बर्फ वितळले आणि चिखलाच्या पुरात आर्मेरो गाव गाडले गेले. वीस हजारांहून अधिक बळी गेले. १९९१ च्या पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने गंधकाचे वायू थेट स्थितांबरात पोहोचवले आणि पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

पाणी हिशेब उलटवू शकते. हवाईचा किलाउएआ सहसा शांतपणे वाहतो, तरी १९२४ मध्ये भूजलाची वाफ कोंडून त्याने स्फोट केले. ज्वालामुखीवर एकाच स्वभावाची चिठ्ठी चिकटवणे म्हणूनच धोक्याचे.

शंकूच नसलेले उद्रेकही असतात. भेगीय उद्रेकात कवचाला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडून पसरतो. आइसलँडच्या लाकी भेगेतून तो १७८३ पासून आठ महिने वाहत होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये हेच कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडले. लाव्हाचे थरांवर थर साचले. झीज होऊनही आज ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहेत आणि सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे कातळकडे घट्ट थरांचे, मधले उतार सच्छिद्र, लवकर झिजणाऱ्या थरांचे. दोन प्रवाहांमध्ये कुठे कुठे दिसणारा तांबडा पट्टा म्हणजे त्या काळातल्या उसंतीत तयार झालेली माती. सच्छिद्र थरांतली भोके ही निसटू न शकलेल्या वायूचे बुडबुडे. पुढे त्यांत पाणी झिरपले आणि गारगोट्या व झिओलाइटचे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव भागांत विहिरी खणताना आणि खाणींत ते सापडतात. जगभरच्या संग्रहालयांत त्यांना मोठी मागणी असते.