पडीक विहिरीतील हवा

माणदेशात खनिज तेल नाही, दगडी कोळसाही नाही. लाव्हारसाचे थरांवर थर साचून झालेल्या इथल्या काळ्या कातळातून मिथेन वायू निघण्याचे काही कारण नाही. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात ड्रेकने तेलाची विहीर खोदली, आणि तेव्हापासून अमेरिकेत उपसून टाकून दिलेल्या असंख्य विहिरींच्या तोंडाशी आज उपकरणे लावून या वायूची गळती मोजावी लागते. आमच्याकडील टाकलेल्या विहिरी पाण्याच्या. तरीही त्यांच्या तळाशी हाच वायू साचतो. तो भूगर्भातून येत नाही, गाळातून येतो.

मोट गेली, इंजिने आली, त्यामागून बोअर आले, आणि दहिवडी-म्हसवडच्या टापूतील कितीएक जुन्या विहिरी केवळ सातबाऱ्यावरच्या नोंदीपुरत्या उरल्या. थारोळे ढासळले, धाव काटेरी झुडपांनी भरली, आणि वर्षानुवर्षे बाभळीचा पाला, ओढ्याची माती, क्वचित एखादे मेलेले जनावर तळाशी जमत राहिले. हवेचा स्पर्श नसलेल्या त्या चिखलात सूक्ष्मजंतू हे सारे कुजवतात आणि गोबरगॅसच्या टाकीत घडते तेच येथे कोणाच्याही देखरेखीवाचून घडते. १७७६ साली इटलीतील माजोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून व्होल्टाने जे बुडबुडे बाटलीत धरले, ते याच वायूचे होते.

दुष्काळाच्या साली अशा विहिरीची पुन्हा आठवण होते आणि वळवाच्या आधी गाळ काढण्याची घाई उडते. माण तालुक्यातील अशाच एका विहिरीच्या काठावर मी उभा होतो. यारी उभी राहिली होती, घमेली व दोर सिद्ध होते, आणि खाली उतरावयास आतुर झालेल्या तरुणांना यारीवरच्या वयोवृद्ध मिस्त्रींनी हाताने मागे सारले. "कुनी उतरायचं न्हाई. आदी कंदील सोडा," एवढेच ते म्हणाले. पेटता कंदील दोराने सावकाश खाली गेला. निम्म्या खोलीवर ज्योत स्थिर होती, तळाशी ती बारीक झाली, पण विझली नाही. मंडळींचे समाधान झाले. कारखान्यात सुरक्षेचे काम पाहणाऱ्या गावच्याच एका मुलाने आणलेले वायुमापक यंत्र त्यानंतर त्याच दोराला बांधून खाली सोडले गेले, आणि काही क्षणांतच त्याचा कर्कश इशारा वरपर्यंत ऐकू आला.

शुद्ध हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली तो गेला की हे यंत्र ओरडते. ज्योत मात्र सुमारे १६ टक्क्यांपर्यंत तग धरते. मधल्या या पट्ट्यात कंदील जळत राहतो आणि घमेले उचलणाऱ्या माणसाची धाप वाढते, बुद्धी मंदावते, पाय डगमगतात. मिस्त्रींची परीक्षा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, तिने अनेक जीव राखले असतील, तिच्याविषयी मला आदरच आहे. परंतु तिचा कौल अपुरा आहे, हे त्या दिवशी मला निःसंशय दिसले. शिवाय हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला तर हीच ज्योत त्याला पेटवते. कोळशाच्या खाणींसाठी १८१५ साली डेव्हीने ज्योतीभोवती तारेची जाळी बसवली ती याचसाठी. आपल्या कंदिलाला तशी जाळी नसते.

यंत्र वर आले. मग लांब बांबूने गाळ ढवळला गेला, बुडबुडे फुटले, आणि यंत्र पुन्हा खाली जाताच ज्वालाग्राही वायूचा शून्यावर असलेला आकडा चढू लागला. सडक्या अंड्यांचा दर्पही आला. तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते, म्हणून वास थांबला याचा अर्थ वायू गेला असा घेऊ नये.

ऋतूचाही यात मोठा भाग आहे. हिवाळ्याच्या रात्री बाहेरची गार, जड हवा विहिरीत उतरते आणि आतली उबदार हवा वर निघून जाते. उन्हाळ्यात विहिरीतील हवाच बाहेरच्यापेक्षा गार असल्यामुळे ती तळाशी बसून राहते. वळवापूर्वी वातावरणाचा दाब उतरला, म्हणजे मुरमात आणि कातळाच्या भेगांत कोंडलेली निःसत्त्व हवा विहिरीत उतरते. पाणी आटून गाळ काढणे ज्या दिवसांत सोयीचे होते, त्याच दिवसांत विहिरीची हवा सर्वांत वाईट असते.

त्या विहिरीत पुढे पंख्याने नळीवाटे तळापर्यंत ताजी हवा सोडण्यात आली, मापन पुन्हा पुन्हा झाले, आणि आकडे सुधारल्यावरच कमरेला दोर बांधून एक माणूस उतरला. यंत्र त्याच्या छातीशी होते, कारण गाळावर फावडे पडताच वायू पुन्हा सुटतो. पाणी उपसणारे इंजिन वर, विहिरीपासून दूर ठेवले होते. ते आत उतरवले की त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासही नाही, तळाशी कोंडतो.

अशा बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला उतरलेली असतात, असे अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ साली नमूद केले आहे. म्हणून माणदेशातील ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की चार-सहा गावांनी मिळून असे एक यंत्र व एक पंखा घ्यावा आणि गाळ काढण्यापूर्वी ती दोन्ही प्रत्येक खातेदारास उपलब्ध करून द्यावीत. आणि खाली कोणी कोसळलेच, तर त्याच्यामागे कोणीही उतरू नये. त्याच्या कमरेचा दोर वरून ओढावा. तो दोर आधीच बांधलेला असला पाहिजे.