पडली असेल!

मराठवाड्यात लघवीला जळजळ सुरू झाली की निदान घरातच होतं: उन्हाळी लागली. मग सब्जा, वाळ्याचं पाणी, धने-जिरे. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं आणि बाजारात बाईला जायला धड जागा नसते, म्हणून ती पाणीच कमी पिते. त्यामुळे हे निदान पुष्कळदा बरोबरही ठरतं. पण उन्हाळी दिवाळी आली तरी उतरत नसेल, औषधानं थांबून पुन्हा उलटत असेल, तर एक प्रश्न विचारायलाच हवा: कधी तांबी, म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून गर्भपिशवीत ठेवतात ते साधन, बसवली होती का? त्यावर हमखास येणारं उत्तर असं, “बसवली होती, पण पडली असेल.”

या तांबीची गोष्ट जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, तेव्हा हा विषय उच्चारणंही निंद्य होतं. 1965मध्ये सरकारी कार्यक्रमात लिपीजचा प्लास्टिकचा लूप आला. बसवण्याचा उत्साह दांडगा होता, नंतरची विचारपूस तोकडी. रक्तस्राव आणि अफवा यांनी लूप बदनाम झाला. साठच्या दशकाअखेरीस टेटम यांचा ‘टी’ आकार आणि चिलीच्या झिपर यांचं तांबं एकत्र आलं, आणि तांबी जन्मली. आज सरकारी दवाखान्यात मोफत बसवली जाणारी 380ए जातीची तांबी 36 मिलिमीटर लांब असते आणि दहा वर्षं काम करते. पहिल्या वर्षात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत, इतकी ती भरवशाची.

मग ती हरवते कशी? गर्भपिशवीच्या अगदी पुढ्यात लघवीची पिशवी असते, दोघी भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजारणी. बसवतानाच गर्भपिशवीला छेद गेला, किंवा तांबी भिंतीत रुतून हळूहळू पुढे सरकली, तर ती पलीकडे निघू शकते. युरोपातल्या साठ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत तांब्याच्या साधनांनी छेद जाण्याचं प्रमाण हजारी साधारण एक आढळलं. अंगावर पाजणाऱ्या बायकांत हा धोका सुमारे सहापट होता. छेद गेलेल्यांपैकीही फार थोड्यांची तांबी मूत्राशयात पोचते.

पोचली की मात्र ती तिथं गप्प बसत नाही. लघवीतले क्षार तिच्यावर थरावर थर चढवतात. एक्स-रे उजेडासमोर धरला की ओटीपोटात पांढरा खडा दिसतो आणि खड्यातून ‘टी’चा एखादा हात बाहेर डोकावतो. तांबीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम मिसळलेलं असतं, म्हणून ती फिल्मवर लपत नाही. सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी दिसली की ‘पडली’ असा शेरा मारून मोकळं होणं म्हणूनच चूक. पूर्ण पोटाचा एक्स-रे काढायला हवा. नाहीतर त्याच बाईला दुसरी तांबी बसते आणि पहिली आत खडा वाढवत राहते.

उपाय आहे. बहुतेकदा लघवीच्या मार्गानं दुर्बीण घालून खडा फोडतात आणि तांबी काढतात; खडा मोठा असेल किंवा तांबी भिंतीत अडकली असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. त्रास नसला तरी वाट चुकलेली तांबी काढून घ्यावी, असाच वैद्यकाचा सल्ला आहे.

हे वाचून कुणी तांबीला घाबरू नये. लूपच्या वेळी घात केला तो विचारपूस न होण्यानं, आणि तीच सवय अजून सुटलेली नाही. बसवलेल्या तारखेचं कार्ड जपून ठेवा. पाळीनंतर दोरा बोटाला लागतो का, ते पाहा. लागला नाही तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आणि जळजळीसाठी डॉक्टरांकडे गेलात तर त्यांनी विचारायची वाट न पाहता तांबीचं आपणहून सांगा. तांबी पडली, हे तिला डोळ्यांनी पडलेली पाहिल्याशिवाय किंवा एक्स-रे काढल्याशिवाय मानू नका.