वेग आवरणारी सळई

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांशी माझे नाते पंख्याच्या बटनापुरते. पण गेल्या दिवाळीत झरी-जामणीला बहिणीकडे गेलो आणि भाच्याच्या विमानाने मला चांगलाच धडा शिकवला.

विमान त्याने स्वतः बांधलेले. इंजिन पेट्रोलचे, पंखांचा पसारा माझ्या उंचीहून अधिक. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या शेतातून ते झोकात उडाले. पण उतरायच्या वेळी इंजिनाचा वेग काही कमी होईना! दोनदा डोक्यावरून घोंघावत गेले आणि तिसऱ्या खेपेस शेजारच्या कपाशीत घुसले. तेथून दहा पावलांवर बाया कापूस वेचत होत्या. कुणाला इजा झाली नाही, पण भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला.

संध्याकाळी ओट्यावर विमान उघडून बसलो.

"मामा, चूक या सळईची आहे," तो म्हणाला.

हातातल्या यंत्राची दांडी हलवली की विमानातली इवलीशी सर्व्हो मोटर आपली भुजा फिरवते. भुजा सळईला ओढते-ढकलते आणि सळई कार्ब्युरेटरची झडप उघडते-मिटते. सळईची लांबी जराशी चुकली, की झडप पुरेशी मिटत नाही आणि वेग चढाच राहतो.

त्याने सारे नव्याने मांडले. यंत्राची दांडी मध्यावर, झडप अर्धी उघडी आणि दोन्ही भुजा सळईशी काटकोनात. मोटरच्या भुजेवर बाहेरचे भोक घेतले तर सळईची हालचाल वाढते, आतले घेतले तर घटते. टोकाला पोचून मोटर गुणगुणू लागली, तर ती अडून जोर लावते आहे असे समजावे! धातूला धातू घासला की रेडिओच्या संदेशात गोंगाट होऊ शकतो. म्हणून सळई नायलॉनची घातली. संदेश तुटला तर इंजिन आपोआप मंद व्हावे, अशी योजना केली. शिवाय ठिणगी तोडणारा निराळा खटका बसवला.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या इंजिनाला आजच्यासारखा थ्रॉटल नव्हता, हे त्यानेच मला सांगितले. उडण्याची ओढ आधी, आवरण्याची अक्कल मागाहून!

दुसऱ्या दिवशी भाचा आधी वेचणीवाल्या बायांची क्षमा मागून आला. मग दूरच्या शेतातून विमान उडवले. दोन घिरट्या झाल्या, इंजिन मंद झाले आणि विमान अलगद टेकले.

बांधावरून एक म्हातारी म्हणाली, "आता कसं गुमान आलं!"