तासाचे इंटरनेट, महिन्याचे इंटरनेट

घरगुती इंटरनेटचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांतून सांगितला जातो: आधी ९.६ केबीपीएस, मग ५६, मग २५६, पुढे २ एमबीपीएस. आकडे खरे आहेत, पण डायल-अप सोडून ब्रॉडबँड घेतलेल्या कुटुंबाच्या वागण्यात काय फरक पडला, ते त्यांतून उमगत नाही. माझ्या मते तो फरक पाडला आकारणीच्या पद्धतीने. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा चित्रांसह पाने दाखवणाऱ्या खात्याचा दर २५० तासांना १५,००० रुपये होता. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत नुसती अक्षरे दाखवणारे शेल खाते मिळे. म्हणजे इंटरनेट तासांवर विकले जात होते, आणि जोडणी टेलिफोनवरून असल्यामुळे लोकल कॉलचे पल्स, म्हणजे बोलण्याच्या वेळेनुसार बिलात चढणारी एकके, वेगळे पडत होते. एकाच वापरावर दोन मीटर! १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर तासांचे दर झपाट्याने उतरले, पण फोनचे पल्स पडतच राहिले. २००० च्या सुमारास कॅलटायगरसारख्या कंपनीने इंटरनेट फुकट देऊ केले, तरी जोडणीच्या प्रत्येक मिनिटाची नोंद टेलिफोनच्या बिलात होतच होती. त्यामुळे घरोघरची शिस्त बदलली नाही. ईमेल आधी लिहून ठेवायची, मग मोडेम लावायचा, पाठवायची, आलेली उतरवून घ्यायची आणि लाइन तोडून वाचत बसायचे. लाइन जोडलेली असेपर्यंत घरचा फोन एंगेज.

ही आकारणी कुणाच्या लहरीतून आलेली नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजची क्षमता एका गृहीतावर ठरवलेली असते: बोलणी चार-दोन मिनिटांत संपतात आणि सगळे ग्राहक एकाच वेळी बोलत नाहीत. डायल-अपवाला तासभर एक मार्ग अडवून बसतो, म्हणून त्याच्याकडून वेळेचे पैसे घेणे एक्स्चेंजच्या हिशेबाने रास्तच होते. त्याच टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणाऱ्या एडीएसएल या तंत्राने ही अडचण मुळातून काढली. बोलण्याचा आवाज तांब्याच्या तारेवर साधारण ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो. त्याच्या बराच वर, २५ किलोहर्ट्झपासून सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात डेटा वाहू लागला. घरात आवाज आणि डेटा वेगळे करणारा स्प्लिटर आला, आणि एक्स्चेंजमध्ये डेटाची वाट कॉल जोडणाऱ्या यंत्राला न शिवता वेगळी झाली. मार्ग अडण्याचा प्रश्न मिटताच मिनिटे मोजण्याचे कारणही उरले नाही. १४ ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाची अट घातली, तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी अट होती ती जोडणी सदैव चालू असण्याची. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएल या सरकारी कंपन्यांच्या एडीएसएल सेवा, अनुक्रमे डेटावन आणि ट्रायबँड, सुरू झाल्या.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लोकांना वेगच हवा होता, बाकी सगळे नंतर सुचलेले शहाणपण. पण तसे असते तर आयएसडीएन घरोघर पोचले असते. ६४ आणि १२८ केबीपीएसची ती सेवा ब्रॉडबँडच्या आधीपासून शहरांत उपलब्ध होती, मात्र तीही कॉलप्रमाणे पल्स मोजी. ती मुख्यतः कार्यालयांत राहिली. दुसरा पुरावा ब्रॉडबँडच्याच पहिल्या वर्षांत सापडतो. वेळेचा मीटर गेला, पण त्याच्या जागी एमबीचा मीटर बसला. १ जीबीची मासिक मर्यादा २५६ केबीपीएसने सलग वापरली तर पावणेनऊ तासांत संपते. २००७ च्या सुरुवातीला सरकारी कंपन्यांनी वेग २ एमबीपीएसपर्यंत नेला, तेव्हा तेवढाच डेटा जेमतेम ६७ मिनिटांत संपू शकत होता, आणि पुढच्या प्रत्येक एमबीचे पैसे वेगळे. वेग आठपट झाला खरा, पण घरातली धास्तीही वाढली. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ वापर मोजला जात नसे, म्हणून डाउनलोड त्या वेळेला लावून माणसे झोपायला जात. अमर्याद योजना आल्या तेव्हा ग्राहकांनी त्यांत २५६ केबीपीएसचा संथ वेगही आनंदाने पत्करला. वेग आणि निश्चिंती यांतले एकच परवडणार असेल, तर बहुतेक कुटुंबे निश्चिंती निवडतात.

आक्षेपात एक अंश खरा आहे, तो मान्य करायला हवा. ५६ केबीपीएसवर चालता व्हिडिओ अशक्यच होता. पुण्यातल्या आईवडिलांना अमेरिकेतला नातू पडद्यावर बघायचा तर रुंद वाहिनीच लागणार. मात्र त्या भेटी तासतास चालू लागल्या, नातू खेळत राहिला आणि आजी नुसती बघत राहिली, याला वेग पुरेसा नव्हता. मिनिटांचे पैसे पडत असते तर तीच भेट ट्रंक कॉलसारखी खुशाली विचारून संपली असती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे स्थित्यंतर किती घरांत झाले? २००४ च्या धोरणाने २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे १ कोटी १० लाखच झाल्या. माझ्या मते याचे एक मोठे कारण धोरणातच होते. घरापर्यंत पोचलेली तांब्याची तार प्रामुख्याने सरकारी कंपन्यांच्या मालकीची होती. ती इतरांनाही वापरू द्यावी, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने २००४ मध्ये केली, पण सरकारने तशी सक्ती केली नाही. स्पर्धक मग गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकणाऱ्या केबलवाल्यांच्या रूपाने आले, तेही दाट वस्तीच्या शहरांत. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर दूरच्या वाडीवस्तीला एडीएसएलचा सिग्नलच धड पोचत नसे. अशा असंख्य घरांनी डायल-अपही पाहिले नाही आणि ब्रॉडबँडही नाही. त्यांचे पहिले इंटरनेट मोबाइलवर आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर दर कोसळले, पण रोजच्या १ जीबीसारख्या मर्यादेने मोजमाप पुन्हा घरात शिरले, आणि तेही माणशी. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेल्या तेव्हा घरभराची जोडणी आणि माणशी मोजलेला डेटा यांतला फरक उघडा पडला. फायबरची जोडणी असलेल्या घरात दोन मुलांचे वर्ग एकाच वेळी चालू शकत होते. एकाच मोबाइलच्या घरात थोरलीचा वर्ग झाला की धाकट्याच्या वाट्याला त्या दिवसाचा उरलेला डेटा येई.