‘कंपनी’ म्हणजे एका भाकरीचे सोबती



कारेगावात सकाळी कुणालाही ‘कुठे निघालास?’ असे विचारा, उत्तर ठरलेले असते : ‘कंपनीत.’ रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेल्या या गावात आपले कितीतरी तरुण भाड्याच्या खोलीत राहून कंपनीत जातात. रोज तोंडात असलेला हा शब्द आला कुठून, हे समजून घेऊ.

‘कंपनी’ इंग्रजीत आला फ्रेंचमधून, पण त्याचे मूळ लॅटिन आहे. ‘कॉम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एकत्र भाकरी खाणारे ते सोबती आणि त्यांचा समूह ती कंपनी. याच ‘पानिस’पासून पोर्तुगीज ‘पांव’ झाला आणि तोच आपल्या वडापावातला पाव. म्हणजे कंपनी आणि पाव एकाच घरातले!

पुढे या शब्दाला अनेक अर्थ फुटले. भांडवल एकत्र करून धंदा करणारी ती कंपनी. गावोगाव खेळ करणारी ती नाटक कंपनी. सैन्यात बटालियनचा एक भाग म्हणजे कंपनी. आणि एकट्या मित्रासोबत चहाला गेलो, तर आपण त्याला ‘कंपनी देतो’.

यातले दोन अर्थ आपल्या इतिहासात एकत्र आले. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजी. बरोबर २१७ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, त्या व्यापारी कंपनीचे सैन्य शिरूरहून निघाले आणि १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढले. त्यात महार सैनिक होते. विजयस्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले होते.

आता मूळ अर्थाकडे येऊ. एकत्र भाकरी खाणे, याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : रोटी व्यवहार. ज्या समाजात आपल्या हातचे पाणीही चालत नव्हते, तिथे आपल्याला कुणाचीच ‘कंपनी’ नव्हती. आज कँटीनमध्ये सगळे एका टेबलावर जेवतात. ही साधी गोष्ट नाही. पण कामावरून सुटून खोली शोधायला गेलो की घरमालक आधी आडनाव विचारतो, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये हेच बजावले होते : नुसत्या सहभोजनाने जात जात नाही, बेटी व्यवहार झाला पाहिजे आणि जातीला आधार देणाऱ्या धर्मशास्त्रांचे पावित्र्य नाकारले पाहिजे.

म्हणून मित्रांनो, पगार देते तेवढीच कंपनी समजू नका. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांचे डबे एकत्र उघडतात का, नव्याने आलेल्या पोराला खोली मिळवून द्यायला कोण जातो, हेही पाहा. जिथे भाकरीसोबत अडचणही वाटून घेतली जाते, तिथेच हा शब्द खरा ठरतो.